गॅरिटीचे तीन साक्षीदार

"तुमच्याकडे जी कोण बघतं?"

दारात उभी असलेली बाई साठी उलटलेली होती. अंगात निळा लोकरी कोट, एका हातात दोन्ही हातमोजे. आवाज असा, की रेल्वेच्या चौकशीच्या खिडकीशी उभी राहून गाडीला उशीर का झाला ते विचारते आहे.

"जी म्हणजे?" मी विचारलं.

"अक्षर. ए, बी, सी, डी मधलं जी."

"ते माझ्याकडे आहे."

तिने माझ्या टिकलीकडे पाहिलं, मग टेबलावरच्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यांकडे. "तुमच्याकडे?"

"एफ गेल्या आठवड्यात संपलं. एच ज्यांच्याकडे आहे ते सुट्टीवर आहेत."

"मग बसते," ती म्हणाली आणि बसली. "मी कॅथलीन ऑस्टिन. लग्नाआधीची गॅरिटी. तुम्ही माझ्या वडिलांचं नाव पेपरात छापलंत."

ही १९८९ सालची गोष्ट. मेलबर्नमध्ये एका बेकरीच्या माडीवर आम्ही ऑस्ट्रेलियन बोलीचा कोश करत होतो. माझ्याकडे जुनी खेळांची साप्ताहिकं वाचायचं काम होतं. शर्यती, बॉक्सिंग, सायकली. त्या गुलाबी आणि हिरव्या कागदांच्या पेपरांत या देशाची भाषा जशी बोलली जायची तशीच छापली गेली होती. तिथे जॉकीला कोणी जॉकी म्हणत नसे, 'हूप' म्हणत. कोणाच्या ध्यानीमनी नसलेला घोडा तो 'रफी'. आतल्या गोटातली पक्की बातमी म्हणजे 'गुड ऑइल', चांगलं तेल. आणि मुद्दाम हरवण्यासाठी पळवलेला घोडा 'डेड अन', म्हणजे मेलेला.

मला ही नोकरी मिळाली ती पुण्यामुळे. लग्न होऊन इकडे येण्याआधी मी पुण्याच्या एका सायंदैनिकात रेसचं पान काढत असे. मुलाखतीत आमचा संपादक डेनिस लॉकयर याने माझ्यापुढे एका जुन्या शर्यतीचा वृत्तांत ठेवला आणि विचारलं, "यातलं काय कळलं?" मी म्हणाले, "चौथ्या घोड्याला जिंकायचं नव्हतं." तो उठला आणि माझ्यासाठी चहा करायला गेला.

कोशात एखादा शब्द पक्का करण्याआधी आम्ही वर्तमानपत्रांत आवाहन देत असू. हा शब्द कोणी ऐकला आहे का, कुठे, केव्हा, कळवा. त्या महिन्याच्या आवाहनात 'गॅरिटी' होता. गॅरिटी करणे, म्हणजे घोडा जिंकू शकत असताना जॉकीने लगाम आवळून त्याला मागे ठेवणे. पुण्यात आम्ही 'घोडा खेचला' म्हणायचो, तेच.

"नाव नाही छापलं," मी मिसेस ऑस्टिनना म्हणाले. "शब्द छापला."

"लग्नापर्यंत मी तोच शब्द नावापुढे लिहीत होते. मला फरक सांगू नका."

मग तिने जे सांगितलं ते सरळ, न अडखळता सांगितलं. बहुधा येताना ट्रॅममध्ये जुळवून ठेवलं असावं. तिचे वडील टॉम गॅरिटी जॉकी होते. १९३४ साली वॉटल क्रीक नावाच्या गावच्या कपच्या शर्यतीत सगळ्यांचा पैसा लागलेला घोडा त्यांच्याकडे होता. शेवटच्या सरळ पट्ट्यात घोड्याच्या नाकातून रक्त यायला लागलं. त्यांनी चाबूक ठेवून दिला, घोड्याला सावरून घेतलं, आणि तो मानेच्या अंतराने हरला. चौकशी झाली. पंचांनी घोड्याचं नाक पाहिलं आणि त्याच दिवशी सांगितलं, जॉकीचा दोष नाही.

"पंच एकदाच बोलले," ती म्हणाली. "पेपर दोन वर्षं बोलत होते. आधी एकाने हा शब्द काढला, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. कुठल्याही जॉकीने घोडा खेचला, की गॅरिटी केली. कोण ट्रेनर अशा माणसाला घोडा देईल? बाबा शेवटी हिंदुस्तानात गेले. पावसाळ्यात तिकडे शर्यती असतात, एका राजाच्या तबेल्यात काम मिळालं. छत्तीस साली टायफॉइडने तिथेच गेले. पूना म्हणून गाव आहे."

"मी पुण्याचीच आहे," मी म्हणाले.

तिने हातमोजे मांडीवर ठेवले. "मग तुम्हाला तिथली हवा माहीत असेल. बाबा लिहायचे, मेलबर्नपेक्षा बरी आहे."

"पावसाळ्यात बरी असते."

तेवढ्यात डेनिस आला. तो इतका उंच होता की आमच्या प्रत्येक दारातून वाकून यायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं. तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला.

"मिसेस ऑस्टिन, मला समजतं. पण आम्ही न्यायाधीश नाही. लोक जे बोलले ते आम्ही लिहून ठेवतो."

"लोक बोलले नाहीत. पेपरवाले बोलले."

"तीन शहरांतले तीन पेपरवाले. मेलबर्नचा एक, अ‍ॅडलेडचा एक, सिडनीचा एक. आमचा नियम तसाच आहे. एकट्याने शब्द वापरला तर तो त्याचा चाळा. तीन वेगळ्या ठिकाणच्या तीन माणसांनी वापरला तर तो भाषेत आला."

"आणि तिघंही खोटं बोलत असले तर?"

"खोटं बोलायलाही शब्दच लागतात." हे त्याने कुत्सितपणे म्हटलं नाही. तो खरोखर तसं मानत असे.

"तुम्हाला मुलं आहेत?"

"दोन मुली."

"उद्या कोणी छापलं, की लॉकयर करणे म्हणजे चोरी करणे. तर त्या काय करतील?"

डेनिसने विचार केला. "धाकटी खूष होईल. मोठी अशीच येऊन बसेल, तुमच्यासारखी."

तिच्या ओठांवर हसू येऊ पाहत होतं, ते तिने येऊ दिलं नाही. हातमोजे चढवत ती उठली. "छपाईला कधी जाणार?"

"महिनाअखेर," मी म्हणाले.

"मला स्वतःला काही फरक पडत नाही. आडनाव बदलून चाळीस वर्षं झाली. पण बाबांना ओळखणारी आता मीच उरले आहे. मी गेल्यावर टॉम गॅरिटी म्हणजे तुमच्या पुस्तकात जे असेल तेवढंच."

तिने माझ्याकडे पत्ता ठेवला. विल्यम्सटाउन, बंदराजवळ. दारातून तिने वळून विचारलं, "तुमचं नाव?"

"सुलभा."

"सुलभा," ती म्हणाली. ऑफिसात सगळे मला 'सुल' म्हणत. पाच वर्षांत माझं नाव पहिल्यांदा पुरं उच्चारलं गेलं.

ती गेल्यावर डेनिस म्हणाला, "पुन्हा एकदा सगळं तपास. तिच्यासाठी नव्हे, आपल्यासाठी. माणसाच्या नावावरून केलेला शब्द आहे, चूक झाली तर निस्तरता येणार नाही."

मी 'गॅरिटी'च्या चिठ्ठ्या काढल्या, शब्द कुठे, कधी, कोणी छापला त्याची टिपणं. तिघेही टोपणनावाने लिहीत, त्या काळी सगळेच लिहीत. मेलबर्नचा 'स्नॅफल', अ‍ॅडलेडचा 'ग्रीनहाइड', सिडनीचा 'सेंटिनल'. स्नॅफल खवचट होता, जॉकींची टिंगल करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. ग्रीनहाइड खेड्यातल्या म्हाताऱ्याच्या थाटात लिहायचा, दोन वाक्यांत एकदा तरी पावसाचं आणि मेंढरांचं काढायचा. सेंटिनल गंभीर, त्याला घोड्यांच्या सात पिढ्या पाठ. तिघांच्या लेखणीत काही साम्य नव्हतं. एकाच शर्यतीवर तिघांनी लिहिलं, तर तिघांची पसंती तीन वेगळ्या घोड्यांना.

हेच मला खटकायला लागलं. तीन माणसं कधी ना कधी एका घोड्यावर यायला हवीत. एखादा घोडा इतका उघड चांगला असतो, की अंदाज बांधणाऱ्याला दुसरं काही सुचवायची लाज वाटावी. या तिघांना ती कधीच वाटली नाही.

मी लायब्ररीत जाऊन मायक्रोफिल्मवर ते तिन्ही पेपर सलग वाचायला घेतले. नुसत्या चिठ्ठ्या नाहीत, अंकामागून अंक. छत्तीसच्या ऑक्टोबरात येऊन मी थांबले. स्नॅफल गायब होता. त्याच्या जागी घोड्याच्या औषधाची मोठी जाहिरात. अ‍ॅडलेडचा पेपर लावला, ग्रीनहाइड नाही. सिडनीचा लावला. सेंटिनलच्या जागी कोणीतरी बोटींच्या शर्यतींवर लिहिलं होतं. पुढचा आठवडा, तेच. त्याच्या पुढचा, तेच. इकडे ऑक्टोबर म्हणजे वसंत, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शर्यती तोंडावर आलेल्या. रेसवर लिहिणाऱ्याला त्या दिवसांत मरायलाही सवड नसते. आणि तिघेही एकदम गप्प.

मला एकटीलाच हसू आलं, कारण हे मी आधी पाहिलं होतं.

पुण्यातल्या आमच्या पेपरात रोज तीन जाणकारांचे अंदाज छापून येत. 'चाबूक', 'नाल' आणि 'दुर्बीण'. तिन्ही मीच लिहीत असे. माझ्या आधी दुसरं कोणी एकटं लिहीत असे, आणि माझ्यानंतरही तसंच चाललं असणार. आमचे वृत्तसंपादक रिसबूड यांनी पहिल्याच दिवशी मला धडा दिला होता.

"बाई, एक लक्षात ठेवा. या तिघांचं एकमत होऊ द्यायचं नाही."

"पण घोडा एकच चांगला असला तर?"

"तरी नाही. लोकांना तीन माणसं भांडताना बघायची असतात. एकमत हवं असेल तर लोक बायकोशी बोलतील." मग पान लावत म्हणाले, "आणि चाबूक जरा तोंडाळ ठेवा. तुम्ही फार सभ्य लिहिता."

एका पावसाळ्यात मला कावीळ झाली आणि तिन्ही सदरं बंद पडली. नारायण पेठेतून एका वाचकाचं कार्ड आलं. आपल्या तिन्ही पंडितांना एकाच वेळी कावीळ झाली की काय, ते एकाच खाणावळीत जेवतात काय? कावीळ हा त्याने बांधलेला अंदाज होता आणि तो बरोबर निघाला. रिसबुडांनी ते कार्ड सूचनाफलकावर लावलं. त्यानंतर मी एका पंडिताचा मजकूर नेहमी शिल्लक ठेवू लागले.

मेलबर्नच्या त्या माणसाला ही अक्कल आली नव्हती, किंवा त्या ऑक्टोबरात ती सुचायची त्याची मनःस्थिती नव्हती. मी धरून चालले की आजारी असेल.

आता नाव हवं होतं. असली गुपितं फुटतात ती लिहिणारा निवृत्त झाल्यावर, कारण मग पेपरालाच त्यांची ऐट मिरवायची असते. मी अंक पुढे नेत गेले. १९५१ च्या हिवाळ्यात मेलबर्नच्या पेपरात आतल्या पानावर लहानशी चौकट सापडली. आमचे स्नॅफल आता विश्रांती घेत आहेत. आता सांगायला हरकत नाही, की अ‍ॅडलेडचे वाचक ज्यांना ग्रीनहाइड म्हणून आणि सिडनीचे सेंटिनल म्हणून ओळखतात ते सद्गृहस्थ हेच, मि. हर्बर्ट पाइक.

डेनिसने त्या पानाची प्रत दोनदा वाचली.

"म्हणजे तीन साक्षीदार नाहीत."

"नाहीत. एकच."

"पुण्यात हे सगळ्यांना माहीत असतं?"

"वाचक सोडून सगळ्यांना."

तो खिडकीशी गेला. खालून पावाचा वास येत होता. "दोन मार्ग आहेत," तो म्हणाला. "शब्द सरळ काढून टाकायचा. काही छापायचं नाही. किंवा बारीक टायपात द्यायचा, एकट्या माणसाने घडवलेला म्हणून, त्याच्या नावानिशी. अशा नोंदी आपण घेतो. दोन्ही नियमात बसतं. अक्षर तुझं आहे, तू ठरव."

"मी तिला विचारते."

"कोशात काय असावं हे लोकांना विचारायला लागलो, तर झेडपर्यंत पोचायचो नाही."

"सगळ्यांना नाही विचारत. तिला विचारते."

"शुक्रवारच्या आत," तो म्हणाला.

विल्यम्सटाउनचं घर लाकडी होतं, पुढे लिंबाचं झाड. मिसेस ऑस्टिननी स्वयंपाकघरातच बसवलं, चहा ओतला आणि कप माझ्यापुढे सरकवून ती म्हणाली, "वाईट बातमी असेल तर आधी सांगा. मग केक कापते."

"वाईट नाही."

मी पुरावा क्रमाने सांगितला. तिघं कधी एका घोड्यावर येत नाहीत ते, छत्तीसच्या ऑक्टोबरात तिन्ही सदरं एकदम बंद पडली ते, निवृत्तीची चौकट. मी संपवल्यावर ती उठून बेसिनपाशी गेली आणि नळ सोडून चांगल्या धुतलेल्या बशा पुन्हा धुवायला लागली.

"म्हणजे ते तिघं नव्हतेच."

"नव्हते."

"मी लहानपणी तिघांचे चेहरे ठरवून ठेवले होते. सेंटिनलला टक्कल होतं. ग्रीनहाइडचे दात पिवळे. रस्त्यात असा कोणी दिसला की मी पलीकडच्या बाजूने जायची." ती पाठमोरी हसली. "आता एकाचाच चेहरा करायला हवा. कोण होता तो?"

"हर्बर्ट पाइक नावाचा."

तिने नळ बंद केला.

"पुन्हा सांगा."

"हर्बर्ट पाइक. एक्कावन्न साली निवृत्त झाला."

"त्याला घड्याळ दिलं होतं," ती म्हणाली. "ऑफिसने. मागे नाव कोरलेलं."

मला काही कळेना. ती हात पुसून आतल्या खोलीत गेली आणि एक फ्रेम घेऊन आली. चर्चच्या पायऱ्यांवर लग्नाच्या पोशाखात ती, वीस-बावीस वर्षांची. तिचा हात धरून एक बारीक अंगाचा माणूस उभा होता. त्याचा कोट खांद्यांत मोठा होत होता.

"बर्ट," ती म्हणाली. "हर्बर्टला घरी हेच म्हणायचो. माझ्या आईचा दुसरा नवरा. लग्नात मुलगी म्हणून माझा हात यानेच दिला."

ती समोर बसली. फोटो तिने टेबलावर उताणा ठेवला, दोघींच्या मधे.

"आम्हाला सांगायचा, पेपरात बोटींच्या वेळा आणि लोकरीचे भाव बघतो. घरी गुलाबी पेपर आणायचा, पण शर्यतींचं पान आधीच कापलेलं असायचं. आई म्हणायची, तुला त्रास होऊ नये म्हणून कापतो तो."

"तसंही असेल."

"असेल." तिने कपाची कड बोटाने पुसली. "बाबांचा मित्र होता तो. एका शाळेतले दोघं. काय म्हणालात तुम्ही, तिन्ही सदरं कधी बंद पडली?"

"ऑक्टोबरात. छत्तीसच्या. मला वाटलं, आजारी असेल."

"आजारी नव्हता. ऑक्टोबरात पूनाहून तार आली. आई अंथरुणातून उठेना. बर्ट सकाळी यायचा तो अंधार पडल्यावर जायचा. लाकडं फोडायचा, मला शाळेत सोडायचा. माझ्या वेण्या घालायचा. त्याला येत नसत, एक वर एक खाली. मुली हसायच्या, पण मी सोडून परत घालून घ्यायची नाही." तिने कप बाजूला सरकवला. "त्यानंतर तो शब्द?"

"त्यानंतर एकदाही नाही. तिन्ही पेपरांत मी शोधला."

"का केलं असेल त्याने? तुम्ही त्या धंद्यात होता."

मी जे मला खरं वाटत होतं ते सांगितलं. "आठवड्याला तीन रकाने भरायचे असतात. एखादा शब्द जमला, लोक हसले, की हात आपोआप त्याच्याकडे जातो. ज्याच्यावर लिहितो तो माणूस तेव्हा दिसत नाही."

"तुम्ही त्याची बाजू घेताय?"

"नाही. काम कसं चालतं ते सांगितलं. त्याच्या मनात आणखी काही असेल तर ते मला कळायचा मार्ग नाही."

बाहेर कोणीतरी गवत कापायचं यंत्र सुरू केलं. ती उठली, खिडकी लावली, परत बसली.

"तो शब्द मला शाळेतच कळला होता, पण आई त्याबद्दल बोलली ती मरताना. तोवर घरात कोणी तो काढला नव्हता. बर्ट दाराशी उभा होता. आई सांगत होती मला, पण बघत होती त्याच्याकडे. मला वाटलं, आधाराला बघते." तिने माझ्याकडे पाहिलं. "तिला माहीत असेल?"

"मी कसं सांगू?"

"नाही. तुम्ही कसं सांगणार."

मग मी तिच्यापुढे दोन्ही मार्ग ठेवले. शब्द काढून टाकता येईल, किंवा त्याच्या नावानिशी देता येईल. घाई नाही, पण शुक्रवारपर्यंत सांगावं लागेल.

"काढून टाकला तर बाबांबद्दल काही राहणार नाही."

"नाही."

"बर्टबद्दलही नाही."

"नाही."

"दोघंही सुटले." ती हे स्वतःशी म्हणाली, हिशोब नीट बसतो का ते बघत असावी तशी. "आणि दिला तर काय लिहाल? मला नेमकं सांगा."

"असं, की हा शब्द पाइक यांनी तीन टोपणनावांनी वापरला, दुसऱ्या कोणाच्या लेखनात तो सापडत नाही. आणि ज्या शर्यतीवरून तो केला, तिच्या चौकशीत जॉकी निर्दोष ठरला होता. पंचांचा निकाल तेव्हाच्या पेपरात छापलेला आहे, त्याचा हवाला देता येतो."

"तो निकाल छापून आला होता?"

"वॉटल क्रीकच्या स्थानिक पेपरात. चार ओळी. मी वाचल्यात."

"चार ओळी," ती म्हणाली.

चहा निवून गेला होता. तिने केक कापला नाही, मीही आठवण केली नाही. मग ती बोलली तेव्हा मला वाटलं, ती विषय बदलते आहे.

"त्याला गुलाबांचं वेड होतं. एकदा प्रदर्शनात त्याच्या गुलाबाला पहिलं बक्षीस मिळालं. इथल्या पेपरात फोटो आला, फुलाचा. खाली लिहिलं होतं, एका रहिवाशाने वाढवलेला गुलाब. तो आठवडाभर कोणाशी बोलला नाही. मला हसू यायचं. एवढ्याशा नावाचं काय घेऊन बसलाय, म्हणायची मी. मला काय माहीत, माणूस पस्तीस वर्षं स्वतःचं नाव न लावता लिहीत होता."

तिने फोटो उचलला आणि कुठे ठेवावा हे न सुचून परत तिथेच ठेवला.

"छापा," ती म्हणाली. "बाबांचं एकदाचं नीट होऊ दे." मग माझ्या कपात गरम चहा ओतत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि त्याचंही कुठेतरी येऊ दे."

मी त्याच दुपारी नोंद लिहिली. डेनिसने एक शब्द कमी केला, तोही अनावश्यक होता म्हणून. कच्चं मुद्रित हातात आल्यावर मी त्या पानाची प्रत विल्यम्सटाउनला पाठवली. हे नियमात नव्हतं, पण मी पाठवली.

टपालाने ती परत आली. सोबत पत्र नव्हतं. वडिलांच्या निर्दोषपणाच्या ओळीला तिने हात लावला नव्हता, शब्दाच्या अर्थालाही नाही. एकच दुरुस्ती होती, शिसपेन्सिलीने, मुद्रितशोधकांच्या रीतीची खूण करून. 'हर्बर्ट पाइक' या दोन शब्दांच्या मधे तिने जागा पाडली होती आणि समासात स्वच्छ अक्षरात त्याचं मधलं नाव लिहिलं होतं, जेम्स.

मी ती दुरुस्ती शाईने गिरवली आणि पान छपाईला दिलं.